रेघेबाहेरचा दादा

परवा सकाळी स्टुडिओचं शटर वर करत होतो, तेवढ्यात समोरून पेंढ्याने लादलेला टेम्पो गेला. गाडी कुठली दिसतेय, नुसता पिवळा ढीगच चाकांवरून चालला होता. त्याच्यामागे रस्ताभर काड्या उडत राहिल्या आणि त्यातली एक माझ्या पायरीवर येऊन पडली. मी ती उचलून नाकाशी धरली. पासपोर्ट फोटोसाठी आलेल्या बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, उघडताय ना?" मी हो म्हणालो, उरलेलं शटर वर ढकललं, दिवे लावले, त्यांना स्टुलावर बसवलं, हनुवटी जरा खाली घ्या म्हणालो. पण मी शहापुरात नव्हतोच. मी खळ्यावर होतो.

दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे हे दिवस माझ्या धंद्यात रिकामे असतात. मांडव अजून उभे राहिलेले नसतात, बारसं-वाढदिवस लोक मोबाईलवरच उरकतात. आणि उजेड मात्र वर्षातला सगळ्यात चांगला याच दिवसांत पडतो. पावसाने हवा धुऊन ठेवलेली असते. ऊन तिरपं आणि मऊ, सकाळी नऊ वाजताही त्यात संध्याकाळचा रंग मिसळलेला. आटगावच्या बाजूला जा नाहीतर मुरबाडकडे जा, शेतं अर्धी कापलेली आणि अर्धी उभी दिसतात. हळवं भात लवकर पिकतं, ते निघालेलं असतं. गरवं अजून माना टाकून उभं असतं. कापलेल्या खाचरांमधून बगळे काहीतरी हरवल्यासारखे हिंडत असतात. जिथे बघावं तिथे फोटो आहे, आणि काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक मात्र एकही नाही. मला हे दिवस त्यामुळेच आवडत असावेत.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. खळ्यावर उभं राहिलं की समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावर नाणेघाटाचा अंगठा, तो उभा वर आलेला कडा, दिसतो. शेताचा कोपरा खरवडायचा, पाणी मारायचं, चोपून चोपून घट्ट करायचा आणि शेणाने सारवायचा, की झालं खळं. मध्ये लाकडाचा ओंडका टाकायचा आणि त्याच्यावर भाताच्या पेंढ्या आपटायच्या. धप, धप, धप. लहानपणी मी उडवीच्या, म्हणजे रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगाच्या, सावलीत पेंढ्यावर झोपायचो, तेव्हा तो आवाज झोपेतही चालू असायचा, आणि तो थांबला की मला जाग यायची. दाणे अंगावर उडायचे, मानेत भाताचं टोचरं कूस शिरायचं, अंगभर खाज सुटायची. अजून ती आठवण झाली की माझा हात आपोआप मानेकडे जातो.

त्या दिवसांमधला दादा मला कमरेपासून खालीच आठवतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. तो डोक्यावर भारा घेऊन बांधावरून यायचा. भारा इतका मोठा की चेहरा, खांदे, छाती सगळं त्यात बुडालेलं. खाली नुसते दोन पाय, चिखल वाळून पांढरे पडलेले, डावा जरा बाहेर पडणारा. चार माणसं ओळीने भारे घेऊन आली तरी मी पायांवरून दादा ओळखायचो आणि धावत जायचो. भाऱ्यातून आवाज यायचा, "बाजूला हो रे, अंगावर पडल." मग भारा खाली टाकून तो मला उचलायचा आणि उडवीवर फेकायचा. पेंढ्यात बुडताना पोटात जो खड्डा पडायचा, तसा पुढे कुठल्याच जत्रेच्या पाळण्यात पडला नाही.

झोडून झालं, उफणून झालं, की खळ्याच्या मधोमध भाताची रास लागते. राशीची पूजा होते. झेंडू, नारळ, उदबत्ती. मग मोजणी. आमच्या घरात या दोन्हीच्या मध्ये आणखी एक गोष्ट शिरली आहे, ती म्हणजे फोटो. मी पहिला कॅमेरा घेतला त्या वर्षी वडील म्हणाले, "सगल्यांचा एक काढ. राशीसकट." तेव्हापासून फोटो झाल्याशिवाय आमच्याकडे राशीला कुणी हात लावत नाही. वडील गेले, पण हा नेम चालू राहिला. आई राशीच्या मागे मधोमध बसते. दोन्ही बाजूंना आत्या, चुलते, चुलत्या, त्यांच्या सुना, पोरंबाळं, दादा, वहिनी. मी तेवढा कधीच नसतो, कारण मी काढणारा. ते सगळे फोटो ओटीवर भिंतीला ओळीने लावलेले आहेत. रास दर वर्षी तीच वाटते आणि माणसं बदलत जातात, म्हणून आत्या म्हणते की फोटो खरा राशीचाच हाय, आमी आपलं बाजूला उभं ऱ्हातो.

आता थोडं कॅमेऱ्याविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा पहिला कॅमेरा लहान होता आणि त्याच्याबरोबर एक लेन्स आली होती. पुढे लग्नाची कामं मिळू लागली तेव्हा कल्याणहून एक वापरलेला मोठा कॅमेरा आणला. आमच्या धंद्यात त्याला फुल फ्रेम म्हणतात. मांडवात त्याचं धूड बघूनच निम्मा मान मिळतो. नवरदेवाचा बाप त्याच्यापुढे आपोआप पोट आत घेतो. पण धूड आणलं आणि त्याला साजेशी लेन्स घ्यायची राहून गेली, तेव्हा जुन्या लहान कॅमेऱ्याचीच लेन्स मी त्याच्यावर चढवली. बसते ती. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालतात, इथे धाकट्याची टोपी थोरल्याच्या डोक्यावर आली एवढंच.

लेन्स कॅमेऱ्याच्या आत उजेडाचा एक गोल पाडते. लहान कॅमेऱ्याच्या लेन्सचा गोल लहान. मोठ्या कॅमेऱ्यात तो उजेड टिपणारी पाटी मोठी, त्यामुळे गोल तिला पुरत नाही आणि कोपरे काळे येतात. हे टाळायला कॅमेऱ्यात एक सोय असते. लहान लेन्स लावली की तो ते ओळखतो, मधला तेवढा भाग ठेवतो आणि कडा आपणहून कापून टाकतो. गंमत अशी की आपण डोळा लावून ज्या खिडकीतून बघतो, तिथे कडासुद्धा दिसत राहतात. झूम मधल्या अंतरावर असला तर काळंबिळं काही नसतं, कडेचा माणूसही लख्ख दिसतो. फक्त आत एक बारीक रेघ चौकोनी आखलेली असते. रेघेच्या आत असेल ते फोटोत येणार, बाहेरचं दिसेल पण येणार नाही. उन्हात ती रेघ नवख्याला कळतही नाही. पहिल्याच लग्नात माझ्या हातून नवरीचे मामा अर्धे कापले गेले होते. मुंडावळ्या बांधायला आलेला तो हात कुणाचा, हे त्या घरात अजून विचारतात.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी ती लेन्स घेऊन गावी गेलो. त्या सकाळी दादाचं आणि माझं वाजलं. डोंगराच्या पायथ्याला आमची थोडी वरकस जमीन आहे, नाचणी-वरीची. शेतघरं बांधून विकणारा एक जण ती मागत होता. मी म्हणालो, देऊन टाकू.

"तिथं आता नाचणी तरी कोण लावतं?"

"मी लावतो," दादा म्हणाला. तो खळं झाडत होता आणि त्याने मान वर केली नाही.

"ती पण डुकरंच खातात."

"खाऊंदेत. त्यांना बी पोट हाय." मग झाडू टेकवून तो उभा राहिला. "तुला काय रे. तू पावण्यासारका येतोस, फोटो काढतोस नि जातोस. इथं कुणाचं हात चालतात, तुला काय ठावं?"

आत्या बाजूला झेंडू ओवत होती. तिने ऐकलं. वहिनीने ऐकलं. मला ते फार लागलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्त लागलं.

तासाभराने पूजा झाली आणि सगळे फोटोला उभे राहिले. सतरा माणसं. दादा आणि वहिनी डाव्या टोकाला, बाकीच्यांपासून हातभर अंतर सोडून. मी डोळा लावला, बटण दाबलं, झालं म्हणालो. घाईत फोटो मोबाईलवर घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकून शहापूरला निघालो. किन्हवलीला चहाला थांबलो तर आत्याचा फोन.

"दादाला कुठं ठेवलास रे?"

फोटोत पंधरा माणसं होती. दादा नव्हता, वहिनी नव्हती. सकाळच्या तिरप्या उन्हात दादाची सावली तेवढी राशीपर्यंत आली होती.

त्यानंतरची दोन वर्षं मी समजावण्यात घालवली. आत्याला फोनवर समजावलं, चुलत्यांना समजावलं. आईपुढे तर कागद पसरला, त्यावर वाटी उपडी ठेवून गोल काढला, गोलावर काडेपेटी ठेवली, मग मोठी काडेपेटी ठेवली. हे बघ, हा उजेड, ही पाटी, हे कॅमेरा आपोआप कापतो, माझ्या हातात काही नसतं. आई त्या गोलाकडे बघत म्हणाली, "असंल बाबा." वहिनी म्हणाली, "आमाला काय कळतंय त्यातलं." दादा उठून बैलांना पेंढा टाकायला गेला. माझं समजावणं चालू असायचं तेव्हा त्याला नेमकं बैलांकडे काम निघायचं.

ज्या जमिनीवरून वाजलं तिची गोष्ट तर आपोआपच मिटली. त्या माणसाला रस्त्यालगत दुसरी जागा मिळाली आणि तो आमच्याकडे फिरकलाही नाही. डुकरं सुखाने नाचणी खात राहिली. फोटो मात्र राहिला. गेल्या वर्षी झोडणी झाल्याचं मला ग्रुपवरून कळलं. चुलतभावाने मोबाईलवर नुसत्या राशीचा फोटो टाकला होता, माणसांशिवाय. भिंतीवर त्या वर्षाची जागा रिकामी आहे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचीही, कारण तो पंधरा माणसांचा फोटो मी कधी छापलाच नाही.

मी लोकांना सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वाटी खरी, काडेपेटी खरी, कॅमेरा कडा कापतो हेही खरं. फक्त त्याच्या पुढचं मी सांगितलं नव्हतं. बटण दाबल्यावर मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला होता. तिथल्या तिथे, खळ्यावर, सगळे उभे असताना. दादा त्यात नाही हे मला दिसलं होतं. 'एक मिनिट, जरा आत सरका, परत घेतो' असं म्हणायला किती वेळ लागतो? मी ते लग्नात शंभरदा म्हणतो, अनोळखी माणसांना म्हणतो. त्या दिवशी माझ्या मनात आलं, राहू दे बाहेर. पाहुण्याने काढलेल्या फोटोत तुला कशाला यायचंय. आणि मी झालं म्हणालो. कापलं कॅमेऱ्याने, पण कापलेलं तसंच ठेवलं मी.

स्टुडिओत गिऱ्हाईक नसलं की मी अलीकडे ती जुनी लेन्स हातात घेऊन बसतो. तिच्या कडेचं रबर सैल झालंय, आत पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरशीचा एक बारीक ठिपका धरलाय. खिडकीकडे धरून बघितलं की रस्ता, रिक्षा, समोरचं दुकान, सगळं उलटं आणि इवलंसं दिसतं. मला वाटत राहतं की माणसाचंही असंच असेल. दिसतं सगळं, ठेवतो मात्र आपण मधलं तेवढं. मी गावाहून काय काय ठेवलं? उजेड ठेवला, अंगठा ठेवला, धप धप ठेवली, पेंढ्याचा वास ठेवला. मला शहापूरला पाठवून जो माणूस चार महिने चिखलात आणि आठ महिने धुळीत उभा राहिला, तो कुठल्या कडेला गेला ते मी बघितलंच नव्हतं. असे विचार करताना दुपार कशी टळते ते कळत नाही. कुणीतरी दारातून झेरॉक्स आहे का विचारतं आणि मी नाही म्हणतो.

त्या टेम्पोच्याच दिवशी, संध्याकाळी आईचा फोन आला. "रास लागली. यायचं तर ये."

यंदा माझ्याकडे साजेशी लेन्स आहे. कडेपासून कडेपर्यंत सगळं येतं, कापाकापी नाही. म्हणजे आता मला वाटीचा आधारही उरला नव्हता. काल सकाळी मोटरसायकल काढली. किन्हवली, सरळगाव, टोकावडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भारे रचलेले, मधूनच कापणाऱ्या बायकांची ओळ, एकीने मान वर करून बघितलेलं. धुकं खाचरांवर रांगत होतं आणि त्यातून ऊन वर येत होतं. इतर वेळी चार ठिकाणी थांबलो असतो. काल कॅमेऱ्याची पिशवी पाठीवरून काढलीच नाही. काय बोलायचं ते जुळवत होतो आणि प्रत्येक वळणावर ते मोडत होतं.

खळ्यावर गेलो तर रास पुरती लागलेलीच नव्हती. आईने फोनवर जरा पुढचं सांगितलं होतं. आत्या नाही, चुलते नाहीत, खळ्यावर एकटा दादा. तिवईवर उभा राहून सुपाने भात उफणत होता. सूप डोक्याच्या वर धरायचं, वाऱ्याची वाट बघायची, वारा आला की हलकेच कलतं करायचं. दाणे सरळ खाली पडतात आणि पोचट आणि कचरा उडून बाजूला जातो. धुळीत सोनेरी झाला होता दादा. मी तिवईजवळ जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाऱ्याकडे बघू लागला.

"दादा," मी म्हणालो, "कॅमेऱ्याने कापलं हे खरं आहे. पण मी ते लगेच बघितलं होतं. इथेच. तू नाहीस हे मला दिसलं होतं आणि मी परत फोटो काढला नाही. मुद्दाम नाही काढला. राग होता."

वारा पडला होता. सूप तसंच वर धरलेलं. मला वाटलं तो उतरेल, काहीतरी बोलेल, निदान शिवी तरी देईल. वारा आला, त्याने सूप कलतं केलं, दाणे खाली आले. मग म्हणाला, "ठावं हाय."

"कसं?"

"तू दर साली फोटो काढलास की कॅमेऱ्यात बगतोस, आन् मग माझ्याकडं बगतोस. बरा आलाय, म्हणतोस. त्या साली कॅमेऱ्यात बगितलंस नि खाली बगून झाकण लावलंस." त्याने सूप खाली घेतलं. "मी तवाच समजलो."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस?"

"तू वाट्या मांडून बसलेला. तुझं संपंना. मी म्हणलं, दमल कवातरी."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही धुळीवर ढकलता आलं. मी म्हणालो, चुकलं माझं. तो तिवईवरून उतरला, सूप माझ्या हातात दिलं आणि मडक्यातलं पाणी प्यायला उडवीच्या सावलीत गेला.

मी पिशवी बांधावर ठेवली आणि तिवईवर चढलो. पंचवीस वर्षांत मी सूप धरलं नव्हतं. पहिल्यांदा वारा यायच्या आधीच कलतं केलं, तर दाणे आणि कचरा एकत्रच खाली आले. दुसऱ्यांदा सगळा कोंडा माझ्याच तोंडावर आला.

"वाऱ्याकडं पाठ कर रे," सावलीतून दादा म्हणाला. "आन् हळू. घाई काय हाय तुला?"

हात भरून आले, खांदे दुखायला लागले, मानेत कूस गेलं. पाचव्या-सहाव्या सुपाला दाणे नीट वेगळे पडले. दादा मागून भरून देत होता, मी उफणत होतो. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक, आई चहाची किटली घेऊन बांधावरून आली. तिने मला तिवईवर बघितलं, बांधावर पडलेली पिशवी बघितली, आणि दादाला विचारलं, "मग फोटो?"

"उद्या," दादा म्हणाला. "आज त्याचं हात मोकळं नायत."